कचरावेचकांच्या सूचनाही नोंदवा

मुंबई महापालिकेने घनकचरा व्यवस्थापनाच्या नव्या उपविधींचा (शहरापुरत्या नियमांचा) मसुदा जाहीर करून ३१ मे २०२५ पर्यंत हरकती-सूचना मागवल्या होत्या, हे स्वागतार्ह आहे. चर्चा मात्र ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला सुचवलेल्या दरमहा १०० रुपये कचरा शुल्काभोवतीच फिरत राहिली. सुक्या कचऱ्याचे पुढे काय होते, हे रोज पाहणाऱ्या कचरावेचकांचे म्हणणे कोण नोंदवणार? धुतलेल्या दुधाच्या पिशवीला भंगारात भाव मिळतो, वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला कोणी विचारत नाही. खरकट्याने भिजलेला पुठ्ठा तर टाकूनच द्यावा लागतो. वर्गीकरणाचा नियम या अनुभवावर बेतायला हवा. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. दिवसभर गोण्या वाहणाऱ्या माणसाने लेखी हरकत धाडावी, ही अपेक्षा रास्त नाही. महापालिकेने विभाग कार्यालयांत आणि सुका कचरा वर्गीकरण केंद्रांवर मसुदा मराठी-हिंदीतून वाचून दाखवावा, तोंडी सूचना तिथेच लिहून घ्याव्यात. त्यासाठी सूचनांची मुदत पुन्हा खुली करावी लागली तरी ती जरूर करावी.

– एक वाचक, चेंबूर