आई-बाबा, हिरोशिमाचं नक्की केलंय

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आईने "जेवलीस का" म्हणत विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. हिरोशिमाच्या कामाला मी होकार कळवलाय. दिवाळी तुमच्याकडे करून मगच निघेन.

मागे कामासाठी जाऊन आले, तेव्हा त्या शहराबद्दल तुमच्याशी निवांत बोलणं झालंच नाही. परवा ऑफिसातल्या एकाने तिकडून वेफर्स आणले, मीठ-लिंबाचे. आपल्या लिंबासारखी डोळे मिटायला लावणारी चव नाही ती. आधी खारट लागतं, मग मागून सालीचा किंचित कडवट वास येतो. एकच तुकडा तोंडात टाकला आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. नदीचे फाटे, जिकडेतिकडे पूल, भर रस्त्यातून जाणारी ट्राम. जपानात सगळ्यात जास्त लिंबं हिरोशिमाच्याच प्रांतात होतात, समोरच्या बेटांवर. वेफर्स करणारी ती कॅल्बी कंपनीही त्याच गावची, १९४९ सालची. म्हणजे बॉम्बनंतर चारच वर्षांत तिथे कुणी खाऊचा कारखाना काढला होता.

बाबा, गावाचं नाव ऐकून तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात ते लक्षात आहे माझ्या. तिथला किरणोत्सर्ग आता कुठल्याही शहरात निसर्गतः असतो तेवढाच आहे. १२ लाखांच्या आसपास माणसं राहतात, मुलं शाळेत जातात. ६ ऑगस्टला बॉम्ब पडला आणि ९ ऑगस्टला थोड्या अंतरापुरती का होईना, ट्राम सुरू झाली होती. पुरुष लढाईवर गेलेले, त्यामुळे त्या काळात ट्राम चालवायला शाळकरी मुलीही होत्या. आई, हे ऐकलं तेव्हा मला तू दिसलीस, २०१९च्या पुरानंतर चिखल उपसून आधी देवापाशी दिवा लावणारी. त्या गावाची मला भीती वाटत नाही ती यामुळेच.

पगार बरा आहे, पण केवळ त्यासाठी जात नाहीये. इथे दुसऱ्यांनी केलेलं तपासण्यात दिवस जातो, तिथे पहिल्यापासून हात घालायला मिळेल. आत्ता नाही गेले तर पुढे जमणार नाही. दादा कोल्हापुरात आहे, वहिनीशीही बोलून झालंय. आप्पांच्या वेळेसारखं होऊ देणार नाही मी. काही अडलं तर मिळेल त्या विमानाने निघून येईन, तेवढे पैसे वेगळे काढून ठेवलेत.

आई, खाण्याची काळजी नको. भात, दूध, दही सगळं मिळतं. तूरडाळ, मोहरी भारतीय दुकानातून आणता येते. बाहेर बऱ्याच गोष्टींत माशाचं पाणी असतं, म्हणून स्वयंपाक घरीच करणार. छोटा कुकर नेतेय. गोडा मसाला मात्र तुझाच हवा.

आणि तुझे बटाट्याचे वेफर्स. गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घालायचीस, मला काठी देऊन कावळे राखायला बसवायचीस, आणि मी अर्धे ओले वेफर्स फ्रॉकच्या खिशात भरायचे तेव्हा मुद्दाम पाठ करून उभी राहायचीस. मला कळायचं गं. उन्हाळ्यातले उरले असतील तेवढे बांधून दे, नवीन करायला गच्ची चढायची नाही. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय ना?

बाबा, साखर दर तीन महिन्यांनी तपासायची, कागदाचा फोटो मला पाठवायचा, नुसतं "ठीक आहे" चालणार नाही. अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही. मिरजेला दादाबरोबरच जायचं. मावशींना मी संध्याकाळच्या पोळ्यांचंही सांगितलंय, आई, त्यांना नको म्हणून परत पाठवू नकोस.

तुमच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे रात्रीचे साडेदहा. रोज त्याच वेळी फोन करेन. तुमची मालिका साडेसातला लागते, तोवर बोलून होईल.

रविवारी येतेच आहे. रागवायचं असेल तर समोर बसवून रागवा, सगळं ऐकून घेईन. पण बाबा, तोवर जेवण टाळायचं नाही.

तुमची,
छकुली