उपकार कोणाचेच नकोत म्हणतेस, म्हणून

प्रिय बेटा,

परवा फोनवर तू म्हणालीस, पप्पा मला कोणाचे उपकार नकोत, माझं मी बघून घेईन. ऐकून बरंही वाटलं, पोरगी पुण्यात एकटी राहते, कमावते, पण मग रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं म्हणून लिहायला बसलो.

2020 च्या मे मध्ये, कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, तू दहावीची परीक्षा देऊन घरीच होतीस. आपल्या शिरपूरवरून मुंबई-आग्रा हायवेने माणसं चालत एमपीतल्या सेंधव्याकडे निघाली होती, पुढे यूपीकडे, डोक्यावर बोजा, कडेवर पोरं, आणि आपल्याकडचं ते ऊन. तेव्हा आपल्या गावाने दोन्ही केलं बघ. वेशीवर बांबू आडवे टाकून सुरतहून आलेल्या स्वतःच्याच भाचे-जावयांना अडवलं आणि त्याच गावाने घरोघर कळण्याच्या भाकरी थापून ठेच्यासोबत हायवेवर नेऊन वाटल्या. तुझी आजी तोंडाला पदर बांधून प्रत्येकाला सांगायची, "खाई ल्या भाऊ, मंग जा." भीती तिलाही होतीच ना, सत्तरीची बाई. पण भिऊन दार लावायचं का भिऊन दुसऱ्याकडे बघायचं, हे माणूसच ठरवतो असं मला तेव्हापासून वाटतं.

त्याच महिन्यात, 8 मे ला, जालन्याहून भुसावळकडे निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली गेले. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल म्हणून रुळाच्या कडेने चालत होते, थकून तिथेच झोपले. रुळावर त्यांच्या चपात्या पडलेल्या, तो फोटो मी विसरू शकत नाही. कामाची माणसं होती ती, स्टीलच्या कारखान्यात राबणारी, स्वतःच्या पायावर उभी. आणि शेवटी पायच तेवढे उरले होते त्यांच्याकडे.

मास्कचं पण बघ ना, साधा कापडी मास्क घालणाऱ्यापेक्षा समोरच्यालाच जास्त वाचवायचा. म्हणजे माझा जीव तुझ्या तोंडावरच्या फडक्यावर आणि तुझा माझ्या. ही गोष्ट काही कोरोनाने नवीन केली नाही, तेव्हा फक्त उघडी पडली.

मग 2021 चा एप्रिल. काका धुळ्याला ऑक्सिजनवर, आम्हाला आत सोडत नव्हते. शेजारच्या नंदुरबारला तेव्हा कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड होते, आपल्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. पहिली लाट ओसरल्यावर सगळे निवांत झाले तरी त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्लांट उभे केले, त्यामुळे ऐन दुसऱ्या लाटेत तिथे हवा कमी पडली नाही. कोणाला लागेल हे माहीत नसताना केलेलं काम आहे ते, मला त्याचं फार मोल वाटतं.

काकाला वार्डात एक सिस्टर रोज दोन घास भरवायची आणि तिच्याच मोबाईलवरून काकूशी बोलणं करून द्यायची. काका घरी आला पण तिचा चेहरा त्याने कधी पाहिलाच नाही, सगळं त्या पीपीई किटमध्ये, नावही कळलं नाही. आता सांग, हे उपकार कोणाला फेडायचे? काका तेव्हापासून दवाखान्यात कोणाही पेशंटचा डबा घेऊन जातो, ओळखीचा असो नसो. आपलं म्हणून जे जगणं आहे ना बेटा, ते बरंचसं असं बिननावाच्या हातांनी दिलेलं आहे. त्यात कमीपणा कसला? मागत जा, देत जा.

चल ठेवतो, कपाशीला पाणी द्यायचंय, या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. रविवारी काकूला फोन कर.

तुझे पप्पा