रात्रपाळीचं लॉगबुक

ह्यूस्टन

प्रिय सुध्या,

मुक्ताचा मेसेज आला. 'काका, मला अंतराळ मोहिमांच्या कंट्रोल रूममध्ये काम करायचंय, काय शिकू?' दोन ओळींत उत्तर जमेना, म्हणून तुलाच लिहितो. यातलं अर्धं तुला आधीच ठाऊक आहे.

कोराडीच्या वीजकेंद्रातली रात्रपाळी आठव. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची लेव्हल हलली की तू पॅनेलवर हात चालवायचास आणि लगेच लॉगबुकात वेळ टाकायचास. मी हसायचो. इथे मुलाखतीत मला रॉकेटबद्दल फारसं विचारलंच नाही. पाळी बदलताना चार्ज कसा देता, काय लिहून ठेवता, यावरच अर्धा तास गेला!

कामाचं म्हणशील तर कानाला हेडसेट आणि त्यावर एकाच वेळी चार-पाच लूप, म्हणजे बोलण्याच्या लाइनी, चालू. सगळे एकदम बोलतात, त्यातून आपल्या कामाचं तेवढं टिपायचं. अंतराळवीरांशी सहसा एकच माणूस बोलतो, त्याला कॅपकॉम म्हणतात. आम्ही आपलं म्हणणं पाळीच्या प्रमुखाकडे, म्हणजे फ्लाइट डायरेक्टरकडे मांडायचं.

पण खुर्ची मिळण्याआधी सिम्युलेशनं, म्हणजे संकटांची रंगीत तालीम. माझं एक ऐक. अमोनियाची गळती. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या कूलिंगमध्ये अमोनिया खेळतो. तो आत शिरला तर जीवघेणा, म्हणून आधी मास्क, मग रशियन भागात जाऊन मधलं हॅच, म्हणजे दार, बंद. फ्लाइट डायरेक्टरने विचारलं, 'मास्क सगळ्यांनी लावले?' मी 'हो' म्हणून मोकळा. तिघांचं ऐकलं होतं, चौथ्याचं धरून चाललो होतो. नंतर सगळ्यांसमोर ती पंधरा सेकंदांची टेप लावली. चौथ्याचा आवाज त्यात नव्हताच. कानशिलं तापली रे. 'तिघांचं कळलंय, चौथ्याचं विचारतो' एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडी बसायला वर्ष गेलं.

आता कडू भाग. अमेरिकेत रॉकेटचं तंत्रज्ञान शस्त्रांच्या यादीत मोडतं. त्या नियमांना आयटार म्हणतात. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर इथल्या बहुतेक कंपन्या अर्ज उघडूनही बघत नाहीत. ग्रीन कार्डाच्या रांगेत मी अकरा वर्षं एका तेल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काढली. तेव्हा कर्ज काढून इथे एमएस करायचं, ते फक्त यासाठी नको. वहिनींना हे पटेल, मुक्ता रुसेल.

तिच्यासाठी दार तिकडेच उघडतंय असं मला वाटतं. इस्रोचं मानवी उड्डाण केंद्र 2019 पासून बंगळुरूत आहे, गगनयान चालू आहे, 2035 पर्यंत स्वतःचं स्थानक उभारायचं ठरलंय. इथलं स्थानक 2030 नंतर उतरवायचंय आणि त्याच्या जागी खासगी स्थानकं यायची आहेत. म्हणजे दोन्हीकडे रात्रपाळ्या आल्याच.

25 जून 2025 आठवतो? शुभांशु शुक्लांचं अ‍ॅक्सिअम-4 उडालं तेव्हा तुमच्याकडे दुपारचे बारा, इथे मध्यरात्रीचा दीड. त्याआधी उड्डाण कितीदा पुढे गेलं. एकदा तर रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती निघाली म्हणून. तू फोनवर म्हणालास, 'थांबले ते बरं केलं.' बॉयलरवाल्याचंच वाक्य ते!

दिवाळीत येतोय. मुक्ताच्या कॉलेजात रॉकेटचा क्लब आहे म्हणे. चाचणीच्या वेळी लिहिलेली वही काढून ठेवायला सांग, खाडाखोडीसकट.

तुझा,
विन्या