साल खा म्हणता, पण कुठल्या केळ्याची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत केळ्याच्या सालीवर लेख आला तो वाचला, आणि त्याच्या आधीपासून व्हॉट्सॲपवर पण तेच फिरतंय की साल फेकू नका, अँटीऑक्सिडंट भरपूर आहेत, मिक्सरला फिरवा नि स्मूदी करून प्या. लेखात खोटं काही नाही. पण आम्ही रावेर तालुक्यातले, घरची केळी आहे, त्या सालीवर बागेपासून गाडीपर्यंत काय काय पडतं ते डोळ्यांनी बघतो म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी जे खरं ते. सालीत गरापेक्षा पॉलिफेनॉल, म्हणजे तीच अँटीऑक्सिडंट द्रव्यं, जास्त असतात, गॅलोकॅटेचिन नावाचं द्रव्य तर बरंच जास्त सापडलंय, शिवाय ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य आणि डोपामिन. हो तेच मेंदूवालं डोपामिन, पण खाल्लेलं डोपामिन काही मेंदूत पोचत नाही, त्यामुळे 'साल खा, मूड मस्त' वाला फॉरवर्ड सोडून द्या. आणि ही फेनॉलं बघायला लॅबच पाहिजे असं नाही. आमच्याकडे कच्ची केळी चिरायच्या आधी हाताला तेल लावतात, नाहीतर बोटं अशी काळी होतात की साबणाने जात नाहीत, अन् फोडी लगेच ताकाच्या पाण्यात टाकतात. ते काळं पडणं म्हणजे फेनॉलला हवा लागून झालेलं ऑक्सिडेशनच, ताकाच्या आंबटपणाने ते घडवणारं एन्झाइम मंद पडतं इतकंच. कच्च्या सालीचा तुरटपणा पण त्यातलाच.

साल खाणं नवीन पण नाही. बंगालमध्ये साल उकडून वाटून खातात, केरळात ओलं खोबरं घालून तोरन म्हणजे कोरडी भाजी करतात, आपल्याकडेही कुठे कुठे चटणी होते. पण बघा, हे सगळं कच्च्या, भाजीच्या केळ्याचं आहे आणि शिजवून आहे. पिकल्या केळ्याची साल कच्चीच मिक्सरमध्ये हा प्रकार आत्ताचा.

आता आमची बाजू. करपा या पानांच्या रोगासाठी बुरशीनाशकं मिनरल ऑइलमध्ये मिसळून फवारावी लागतात, झाडाला घड आला की फुलकिड्यांसाठी वेगळी फवारणी, ती करावीच लागते, नाहीतर सालीवर डाग आणि डागाच्या मालाला भाव कोण देणार. एक्स्पोर्टच्या मालाला पिशव्या घालतात, फण्या करून तुरटीच्या पाण्यात धुतात, लोकल मार्केटचा घड मात्र बऱ्याचदा तसाच पानं लावून ट्रकमध्ये जातो. पुढे पिकवणं. फळं पिकवायला इथिलीन गॅसला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे, चेंबरमध्ये नीट पिकवलेल्या केळ्याबद्दल आमची काही तक्रार नाही. कार्बाइडला बंदी आहे कारण त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असतात, आणि इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाच्या पाण्यात फळं बुडवायला पण एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, मनाई आहे. तरी काही ठिकाणी चालतंच, आम्ही स्वतः एका वखारीत बादलीत फण्या बुडवताना पाहिल्यात. हे सगळं पहिलं बसतं कशावर तर सालीवर, म्हणजे ज्याला तुम्ही आरोग्याचा खजिना म्हणता त्याच्यावरच.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाला आमचं म्हणणं आहे की बाजारातून केळ्याचे नमुने उचलले की साल आणि गर वेगवेगळा तपासा, आणि आकडे आपल्यासारख्या पेपरात छापून येऊ द्या. प्रामाणिकपणे माल पिकवणाऱ्याचा त्यात फायदाच आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा बोर्डावर लिहिण्यापलीकडे काहीतरी उपयोग व्हायला पाहिजे की नाही?

आणि सालीच्या नादात गर विसरायला नको. १०० ग्रॅम गरात साधारण ८९ कॅलरी, ३५८ मिलिग्रॅम पोटॅशियम, अडीच ग्रॅमच्या वर फायबर, बी६ तर फळांमध्ये चांगलंच म्हणावं असं. शहरातली लोकं सालीवर काळे ठिपके दिसले की केळं बाजूला सारतात, खरं म्हणजे तेव्हाच ते शिकरणाला लागतं, स्टार्चची साखर झालेली असते. शुगरवाल्यांनी मात्र त्याच कारणाने जास्त पिकलेलं जपून खावं, कच्च्यात स्टार्च जास्त आणि त्यातला बराचसा लवकर पचत नाही.

पुन्हा अशी रेसिपी छापली तर भाजीची कच्ची केळी घ्या, नीट चोळून धुवा आणि उकडून घ्या एवढं तरी लिहा, जमल्यास ओळखीच्या शेतकऱ्याकडची घ्या असंही लिहा. आणि किडनीच्या ज्या पेशंटना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलंय त्यांनी साल काय नि गर काय, दोन्ही विचारूनच खायचं, हे लेखात राहून गेलंय ते चौकटीत छापावं ही विनंती.

आपला,
एक केळी उत्पादक वाचक
ता. रावेर, जि. जळगाव