तपासणी केमोपूर्वीही हवी

रविवारच्या पुरवणीतील रक्ताच्या कर्करोगावरचा लेख चांगला होता. मात्र ‘ट्यूमर लायसिस’ (कर्करोगाच्या पेशी झपाट्याने फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळणे) केमोनंतरच होतो, हे त्यातील विधान अपुरे आहे. बर्किट लिम्फोमा (लसिका संस्थेचा कर्करोग), तीव्र ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) अशा झपाट्याने वाढणाऱ्या आजारांत पेशी कधी कधी औषधाआधीच फुटू लागतात. रक्तातले युरिक ॲसिड, पोटॅशियम वाढते, कॅल्शियम उतरते; मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडतात. लघवी कमी झाली, पायांत गोळे आले, तर घरचे उन्हाला दोष देऊन शहाळे पाजतात (त्यातही पोटॅशियमच!). गोव्याच्या टोकांवरच्या काणकोण वा पेडण्याहून बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय गाठेपर्यंत मोलाचा वेळ जातो. युरिक ॲसिड, पोटॅशियम, कॅल्शियमच्या या रक्ततपासण्या साध्या आहेत. संशय येताच तालुक्यातच रक्त घ्यावे आणि अहवाल रुग्णासोबत पाठवावा.

– एक निवृत्त परिचारिका, काणकोण