गडकरी सिंधूत शोधू नका, सुधाकरात शोधा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला राम गणेश गडकऱ्यांवरचा लेख वाचला. लिहिलंय छान, पण लेखकाने सगळं नेऊन लग्नावर ठेवलं, म्हणजे संसार फिसकटला म्हणून गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ नाटकातली सोशिक सिंधू लिहिली, घरात जशी बायको मिळाली नाही तशी स्टेजवर उभी केली वगैरे. हे तर आम्ही शाळेपासून ऐकून राहिलो. गोविंदाग्रज नावाने लिहिलेल्या प्रेमाच्या कवितांत ते दुखणं दिसतं, नाही म्हणत नाही मी. पण नाटकात मामला एवढा सरळ नाही ना.

माझ्या मते गडकरी सापडतो तो सिंधूच्या नवऱ्यात, सुधाकरात. सुधाकर दारूकडे का वळतो बघा. हुशार वकील, गरिबीतून वर आलेला, तापट, कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि तिथे दारुडा तळीराम पहिला पेला पुढे करतो. म्हणजे दारूच्या आधी अपमान आहे. आता गडकऱ्यांचं आयुष्य घ्या, वडील लहानपणीच गेले, फर्ग्युसनमधलं शिक्षण अर्धवट राहिलं, मग किर्लोस्कर नाटक कंपनीत पोरांना शिकवायची नोकरी, मग पेपरात, मग शाळेत मास्तरकी, आणि डोकं मात्र असं की समोरच्या दहा जणांना पुरून उरेल. अशा माणसाला पगार कमी मिळाल्याचं तेवढं लागत नाही जेवढं कोणी कमी लेखल्याचं लागतं. त्यांच्या ‘भावबंधन’ नाटकात पण तेच. लतिका घनश्यामचा अपमान करते आणि तो सूड घ्यायला निघतो, सगळं नाटक त्याच्यावर चालतं. लागोपाठ दोन नाटकं, दोन्हीत ठिणगी तीच! ह्याच्यावर लेखात एक ओळ नाही.

आणि सावनेर? आपल्या नागपूरच्या पेपरात सावनेरचा उल्लेख एका कंसात उरकला हे काही पटलं नाही साहेब. कोराडी, पाटणसावंगी करत तासाभरात पोचतो माणूस. आजारी गडकरी तिथे भावाकडे येऊन राहिले आणि २३ जानेवारी १९१९ ला तिथेच गेले, वय फक्त ३३. त्या दुखण्यात त्यांनी काय पुरं केलं तर भावबंधन, ज्यात कामण्णासारखं पात्र आहे आणि लोक पोट धरून हसतात. दुःखी माणूस दुःखी नाटक लिहितो हा हिशोब इथेच बसत नाही. महिनाभराने गंधर्व कंपनीने ‘एकच प्याला’ लावलं, बालगंधर्व सिंधू, त्याच वर्षी बळवंत मंडळीने भावबंधन केलं, दीनानाथ मंगेशकर लतिका. गडकऱ्यांना दोन्हीपैकी एकाचाही प्रयोग पाहायला मिळाला नाही. (सावनेरकडे त्यांच्या नावाने साखर कारखाना काढला होता, साखरेच्या मळीपासून दारू बनते, आणि दारूवर नाटक लिहिणाऱ्याचं नाव कारखान्याला, गडकऱ्यांनी ह्याच्यावर बाळकराम ह्या त्यांच्या विनोदी लेखांच्या टोपणनावाने एक लेख नक्की पाडला असता.)

पुढच्या जानेवारीत पुरवणी काढाल तर भावबंधनवर सविस्तर काढा ही विनंती. आणि नागपूरच्या एखाद्या हौशी ग्रुपने ते सायंटिफिक सभागृहात लावलं तर तिकीट काढून येतो, फक्त घनश्यामला नुसता डोळे वटारणारा नट घेऊ नका म्हणावं, त्याला राग यायच्या आधी वाईट वाटलेलं दिसलं पाहिजे.

एक वाचक, महाल, नागपूर