दुसरे दार कुठे आहे?

माननीय संपादक,
स. न.

'सावध राहा' हा सल्ला आपण सगळेच इतका देतो की तो कानावर पडतो आणि निसटून जातो. त्यातून तो बहुधा मुलींच्याच वाट्याला येतो, आणि त्याचा अर्थ 'अनोळखी माणसाला घाबर' एवढाच लावला जातो. चेहरे वाचत बसण्यापेक्षा जागा पाहून ठेवणे मला जास्त उपयोगाचे वाटते, म्हणून हे पत्र.

२० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' या नाइटक्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीने आग लागली आणि १०० माणसे गेली. बाहेर पडायला इतरही दारे होती. पण बहुतेकांनी आत येतानाच्या दाराकडेच धाव घेतली. तिथे माणसे एकमेकांवर कोसळली आणि वाटच बुजली. त्यांना मूर्ख म्हणू नये. धुरात आणि गोंधळात पाय ओळखीच्या वाटेकडेच वळतात. दुसरी वाट ओळखीची करून घ्यायची तर ती शांतपणी, आत शिरतानाच.

गर्दीचेही तसेच. 'चेंगराचेंगरी' हा आपला शब्द तसा फार नेमका आहे. अशा वेळी माणसे पायदळी तुडवली जाऊन मरतात असा समज असतो, पण पुष्कळदा उभ्याउभ्याच छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली की आपले पाऊल आपल्या ताब्यात राहत नाही. त्याआधीच, दोन्ही खांद्यांना परके खांदे लागू लागले की, बाजूला व्हावे. अडकलोच तर हात छातीसमोर धरावेत, लोंढ्याला उलटे रेटू नये आणि रेटा जरा ओसरला की तिरके कडेला सरकावे.

मोबाइलबद्दल मी काय बोलणार? निरोपाला उत्तर देत चालताना माझ्याच पर्सची चेन कुणीतरी उघडली, ते मला घरी पोहोचल्यावर कळले. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चित्रफितीतले चेंडूचे पास मोजायला सांगितले, तेव्हा मधून गोरिलाच्या वेषात चालत गेलेली व्यक्ती जवळपास निम्म्या जणांना दिसलीच नाही! आणि ते तर पडद्याकडे टक लावून बसले होते. माझी मान खाली होती आणि दोन्ही कानांत इअरफोन. आता रस्त्यात उत्तर द्यायचेच असेल तर मी भिंतीला पाठ लावून थांबते.

सभागृहातही बसण्याआधी मी दुसरे दार शोधते. बरोबरचे हसतात. दार बहुतेक वेळा सापडते, पण मागच्या खेपेला त्याला कुलूप होते आणि पुढे खुर्च्यांची चळत. व्यवस्थापकांना सांगितले, तर म्हणाले, "कार्यक्रम संपला की बघतो, ताई."

आपली,
एक वाचक